गोळीवाले डॉक्टर

आमच्या दवाखान्यात रोज सकाळी आधी माणसांची तपासणी व्हायची, मग जनावरांची. फाटक उघडलं की आम्ही सगळे व्हरांड्यात ओळीनं उभे राहायचो आणि दोन्ही हात पुढे करायचो. बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेले डॉक्टर एकेकासमोर थांबायचे. तळवे बघायचे, हात उलटे करायला लावून नखं बघायचे, बोटांच्या बेचक्या बघायचे. कुठं जरासा ओरखडा दिसला की त्या माणसाला त्या दिवशी जनावराला हात लावायची बंदी. झाडू मारा, बाटल्या धुवा, पण गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. फाटकाबाहेर खोळंबलेल्या शेतकऱ्यांना याची मोठी गंमत वाटे. एकदा मोहोळकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलंच, "हितं डाक्तरबी जोश्यावानी हात बघत्यात व्हय?"

"बघतो ना," डॉक्टर म्हणाले. "यांचं आयुष्य किती, ते बघतोय."

म्हातारा हसला. आम्हीही हसलो. डॉक्टर मात्र हसले नव्हते.

सोलापुरातल्या काही व्यापाऱ्यांनी पैसे घालून गुरांचा हा दवाखाना काढला होता आणि त्यांची एक कमिटी तो चालवायची. दगडी बैठी इमारत, मागं पत्र्याचे गोठे, अंगणात एक कडुनिंब. मी तिथं कंपाउंडर होतो. माझं गाव दुधनी. घरात आम्ही कानडी बोलायचो, त्यामुळं सीमेकडून बैल घेऊन येणाऱ्या माणसांशी बोलायचं काम आपोआप माझ्याकडं आलं. हुसेनभाई ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर आवरून धरणं हे त्यांचं काम. तरुणपणी ते पलटणीत खेचरांकडं होते आणि दवाखान्यात आम्हा सगळ्यांच्या आधीपासून होते. गोठ्यांवर मारुती होता. तो सांगोल्याकडच्या धनगराचा, मेंढरं सोडून शहरात आलेला. डॉक्टर कोकणातले. मुंबईला शिकून, दोन-चार ठिकाणी नोकरी करून ते इन्चार्ज म्हणून आमच्याकडं आले तेव्हा पन्नाशीला टेकले होते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. आवारातल्या खोलीत एकटेच राहायचे.

ते यायच्या आधी दवाखान्यात ज्याचं काम तोच करी, आणि तो आला नाही तर ते काम तसंच पडून राही. डॉक्टरांनी आल्या आल्या सांगितलं, "माणूस रजेवर गेला म्हणून जनावर उपाशी राहता कामा नये. प्रत्येकाला प्रत्येकाचं काम आलं पाहिजे." मी कपाळाला विभूती लावून, स्वच्छ सदरा घालून येणारा माणूस. मला शेण काढायला सांगतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी घुटमळलो. डॉक्टरांनी कोट काढून खुंटीला अडकवला, फावडं घेतलं आणि निम्मा गोठा साफ केला. मग फावडं माझ्यापुढं धरून म्हणाले, "उरलेला तुमचा." त्यानंतर मी कधी घुटमळलो नाही. घरी मात्र आईला हे सांगितलं नाही.

त्यांचं आणखी एक वाक्य आम्हाला पाठ होतं: "फाटकाबाहेर चूक माझी, फाटकाच्या आत ज्याची त्याची." एकदा एका खिलारी बैलाच्या खुरातला गळू कापायचा होता. त्यासाठी बैल दोरांनी बांधून आडवा पाडावा लागतो. मारुतीनं बांधलेली गाठ सुटली, बैल भलत्याच कुशीवर कोसळला आणि त्याचं शिंग मुळातून मोडलं. शेतकरी उसळला. असल्या बैलाचं शिंग म्हणजे त्याची शान. त्यानं विचारलं, "गाठ कुणी बांधली?" मारुती भीतीनं पांढरा पडला होता. डॉक्टर पुढं झाले. "गाठ माझी होती," ते म्हणाले. शेतकऱ्यानं त्यांना नाही नाही ते ऐकवलं, आणि त्यांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं. शेतकरी गेल्यावर त्यांनी फाटक लावलं आणि मारुतीला दुपारभर कडुनिंबाच्या खोडाला तीच गाठ बांधायला आणि सोडायला लावली. संध्याकाळी मारुती मला म्हणाला, "ह्या माणसासाटी जीव दीन मी, गुरुसिद्धाप्पा." तो मनापासून बोलला होता, यात मला आजही शंका नाही.

हुसेनभाईंचं आणि डॉक्टरांचं नातं वेगळंच होतं. संध्याकाळी दवाखाना मिटला की दोघं ओट्यावर चहा घेत बसायचे आणि घोड्यांवरून भांडायचे. हुसेनभाईंच्या मते चांगला घोडा कानांवरून ओळखावा, डॉक्टरांच्या मते खुरांवरून. "तुमी किताबवाले लोगां," हुसेनभाई म्हणायचे, "घोडे के मुँह कू देखतेच नै." डॉक्टर म्हणायचे, "हुसेनभाई, ऐकतो तुमचं. पण करणार माझंच." आमच्यात डॉक्टरांशी वाद घालण्याची टाप फक्त हुसेनभाईंची होती, आणि तसा वाद घालणारं माणूस डॉक्टरांना हवं होतं.

मग एका वर्षी गावातल्या टांग्यांच्या घोड्यांमध्ये शेंबा पसरला. घोड्याच्या नाकातून चिकट, पिवळा शेंबूड गळतो, नाकात व्रण पडतात, अंगावर गाठी येऊन फुटतात. त्याला औषध नव्हतं. आणि हा रोग घोड्यावरून माणसाला होतो. झाला की माणूस जगत नाही. डॉक्टर रोज आमचे हात का बघत, ते आम्हाला तेव्हा नीट कळलं. संशयित घोड्याच्या पापणीत मॅलीनची सुई टोचायची. टोचल्या जागी मोठी सूज आली की रोग नक्की, आणि रोग नक्की झाला की कायद्यानं घोड्याला गोळी घालायची.

ते काम डॉक्टर कुणाला सांगत नसत. सरकारी बंदूक ते स्वतः चालवायचे. मालकाला आधी घोड्याला गूळ भरवू द्यायचे, मग त्याला फाटकाबाहेर पाठवायचे आणि घोड्याच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचे. आवाज झाला की बाहेर टांगेवाले छाती बडवायचे. भरपाई म्हणून जे मिळे त्यात नवा घोडा येत नव्हता. स्टेशनच्या अड्ड्यावरचा रसूल टांगेवाला तर डॉक्टरांच्या पायांशी लोळला. "साब, चार रोज ठहरो. मैं हकीम कू दिखाता हूँ." डॉक्टर म्हणाले, "रसूलभाई, मी थांबेन. रोग थांबणार नाही." आणि त्यांनी रसूलच्या घोडीला गोळी घातली. तेव्हापासून अड्ड्यावर त्यांना 'गोळीवाले डॉक्टर' म्हणू लागले. नव्या माणसाला वाटे, हे जनावरांना औषधाच्या गोळ्या देतात म्हणून हे नाव. आम्ही कुणी त्याचा गैरसमज दूर करत नसू.

रोग आटोक्यात आला असं वाटत असतानाच कमिटीच्या अध्यक्षांचा घोडा आला. अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी. त्यांच्या बग्गीचा हा अबलख घोडा सगळ्या सोलापूरला माहीत होता. "थोडी सर्दी आहे," त्यांचा माणूस म्हणाला. डॉक्टरांनी नाकपुडी उघडून बघितली आणि मॅलीनची सुई मागवली. दुसऱ्या दिवशी घोड्याचा डोळा मिटेल एवढी सूज होती.

अध्यक्ष स्वतः आले. आवाज चढवला नाही, उलट फार गोड बोलले. पुण्याहून दुसरा तज्ज्ञ बोलावू, त्यानं बघेपर्यंत घोडा दवाखान्यातच राहू दे, म्हणाले. जाता जाता नव्या गोठ्यांची गोष्ट काढली. सांसर्गिक रोगाच्या जनावरांसाठी वेगळे पक्के गोठे बांधावेत म्हणून डॉक्टर दोन वर्षं कमिटीच्या मागं लागले होते. "त्याचं या बैठकीत करूनच टाकू," अध्यक्ष म्हणाले.

ते गेल्यावर हुसेनभाई म्हणाले, "साब, आजच उडा दो. बाद में जो होगा सो होगा."

डॉक्टर म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. टोकाच्या गोठ्यात ठेवू. चारापाणी मी बघेन, दुसरं कुणी आत जायचं नाही. आपल्या शिस्तीवर माझा विश्वास आहे." ओट्यावरच्या चहाच्या वेळी ते हुसेनभाईंचं ऐकून घेऊन स्वतःचंच करत, तसंच याही वेळी केलं.

पुण्याचा तज्ज्ञ लवकर आला नाही. तेवढ्यात अक्कलकोटकडच्या गावांत गुरांना बुळकांडी लागली. गोठेच्या गोठे ओस पडायला लागले आणि डॉक्टरांना टोचणीसाठी जावं लागलं. तिकडं कानडी बोलणारा हवा म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. टोकाच्या गोठ्याची किल्ली हुसेनभाईंकडं दिली. "चारा दुरून लोटायचा, पाणी दुरून ओतायचं. आत पाऊल नाही."

"हौ साब," हुसेनभाई म्हणाले.

आम्ही परत आलो तेव्हा हुसेनभाई फाटकातच उभे होते. आम्ही गाडीतून खाली उतरायच्या आत त्यांनी झालेलं सांगून टाकलं. अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले होते. घोड्याचं मळलेलं अंग आणि माखलेलं नाक बघून पाहुण्यांसमोर त्यांचा पारा चढला. "बाहेर काढ त्याला. धू. खरारा कर." हुसेनभाईंनी सांगितलं की डॉक्टरांचा हुकूम नाही. अध्यक्षांनी विचारलं, "तुझ्या डॉक्टरला पगार कोण देतो?" मारुती जवळच उभा होता. हुसेनभाईंनी त्याला लांब जायला सांगितलं, स्वतः आत जाऊन घोडा बाहेर काढला आणि त्याचं नाक धुतलं.

डॉक्टरांनी तिथंच, रस्त्यावर, त्यांचे हात मागितले. उलटसुलट करून बघितले, बेचक्या बघितल्या. कुठं ओरखडा नव्हता. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "हात साफ आहेत," ते म्हणाले.

"हाताँ साफ है साब," हुसेनभाई म्हणाले. "घोडा मुँह पे छींका."

पुढचं फार लांबवून सांगवत नाही. आठवडा गेला, आणि काही होत नाही असं वाटायला लागलं. मग ताप आला. सांधे धरले. अंगावर गाठी उठल्या आणि फुटल्या. आम्ही त्यांना माणसांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी शेंबा झालेला माणूस कधी पाहिला नव्हता. आमचे डॉक्टर त्यांना रोग समजावून सांगत होते आणि ते मान डोलावत होते. कागदावर त्यांनी विषमज्वर लिहिला. आमचे डॉक्टर रोज खाटेपाशी बसून स्वतःच्या हातांनी हुसेनभाईंच्या जखमा धुवायचे. एकदा हुसेनभाई शुद्धीवर होते. म्हणाले, "मेरेकू ना बोलना था, साब."

"आधी मी 'नाही' म्हणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं मला."

हुसेनभाई गेले. दफन झालं त्या दुपारी डॉक्टर कबरस्तानातून थेट दवाखान्यात आले. कोटावर माती होती. पुण्याचा तज्ज्ञ तोवर आलाच नव्हता आणि अध्यक्षांचा घोडा टोकाच्या गोठ्यात तसाच होता. कपाटातून बंदूक काढली आणि टोकाच्या गोठ्याकडं गेले. मी मागोमाग गेलो, पण त्यांनी हातानं मला थांबवलं. आत एक आवाज झाला. या वेळी गूळ नव्हता की फडकं नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी कागदावर एकच ओळ लिहिली, 'आपला घोडा मारला आहे', आणि तो कागद मारुतीबरोबर अध्यक्षांकडं पाठवला.

कमिटीनं चौकशी बसवली. परवानगीवाचून घोडा मारला, एवढाच आरोप नव्हता. आपल्या हलगर्जीवर पांघरूण घालण्यासाठी डॉक्टरांनी साध्या तापानं मेलेल्या माणसाचं खापर अध्यक्षांच्या घोड्यावर फोडलं, असं त्यात होतं. चौकशीच्या सकाळी डॉक्टर आम्हाला म्हणाले, "पाहिलंत ते सांगा. कमी नको, जास्त नको."

मला विचारलं तेव्हा हुसेनभाईंच्या तोंडून ऐकलेलं सगळं मी सांगितलं. "तुम्ही स्वतः हजर होता का?" नव्हतो. "म्हणजे ऐकीव," एकजण म्हणाला, आणि माझी साक्ष तिथंच संपली. मग मारुती आला. त्यानं कुणाकडंही बघितलं नाही. "अध्यक्षसायेब आल्तेच न्हाईत," तो म्हणाला. "मी हितंच हुतो की. मला दिसलं न्हाय." हुसेनभाईंची रिकामी झालेली ड्रेसरची जागा त्याला मिळणार, हे आम्हाला नंतर कळलं.

शेवटी हुसेनभाईंची बायको अमीनाबी आली. चादरीत सगळी गुरफटलेली. तिचा थोरला मुलगा नुकताच अध्यक्षांच्या पेढीवर कामाला लागला होता. दरवाज्याशी उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, "उनकू बुखार पहलेसेच था. घोडा आने के पहलेसे." अध्यक्षांनी डॉक्टरांना विचारलं, यांना काही विचारायचंय का.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "बाई उन्हात उभ्या आहेत. त्यांना आत बसवा."

बाहेर आल्यावर माझा संताप अनावर झाला होता. डॉक्टर म्हणाले, "तिनं बरोबर केलं, गुरुसिद्ध. घरात खाणारी तोंडं आहेत." मारुतीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे ओळीनं उभे राहिलो. एक जागा रिकामी होती. डॉक्टर मारुतीपुढं आले. मारुतीनं हात पुढं केले. डॉक्टरांनी तळवे बघितले, नखं बघितली, बेचक्या बघितल्या. नेहमीपेक्षा जरासुद्धा कमी वेळ लावला नाही.

"स्वच्छ आहेत," ते म्हणाले आणि पुढं सरकले.

महिना भरायच्या आत त्यांना कामावरून काढलं. जायच्या दिवशी मी टांगा आणायला स्टेशनच्या अड्ड्यावर गेलो. मला वाटत होतं, अध्यक्षांच्या घोड्यालाही ज्यानं गोळी घातली, त्याला न्यायला आज टांगेवाल्यांची चढाओढ लागेल. एकही टांगा निघेना. रसूल दुसऱ्याच्या टांग्यावर बसून होता. आता तो भाड्यानं टांगा हाकायचा. तो म्हणाला, "हमारे जनावरां कू मारने कू एक कागज बस था. सेठ के घोडे कू मारने कू हुसेनभाई कू मरना पडा. उनकू बोलो, पैदल जाव."

मी हमाल घेऊन परत आलो. ट्रंक त्याच्या डोक्यावर, वळकटी माझ्या खांद्यावर आणि डॉक्टर छत्री घेऊन पुढं, असे आम्ही स्टेशनकडं चालत निघालो. वाटेत त्यांनी विचारलं, "टांगा मिळाला नाही?" मी काहीतरी थाप मारली. ते थांबले. "रसूल भेटला होता का? काय म्हणाला?" त्यांच्यापुढं थाप टिकत नसे. मी सांगितलं.

ते रस्त्याच्या कडेला छत्री टेकून उभे राहिले. जवळच्या गिरणीचा भोंगा झाला, माणसांचा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेला. कुणी त्यांच्याकडं वळून बघितलं नाही.

"खरं बोलला," ते म्हणाले. "तो चार दिवस मागत होता. मी त्याला दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मग तेच चार दिवस मी दुसऱ्याला दिले. आपली शिस्त, आपले नवे गोठे, असल्या गोष्टींसाठी." मग छत्री उचलत म्हणाले, "हुसेनभाईला घोड्यानं नाही मारलं."

गाडी आली. मी त्यांचं सामान चढवलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी कुर्डुवाडीकडं निघाली तेव्हा ते खिडकीशी नव्हते, पलीकडच्या बाजूला जाऊन बसले होते.

नवे डॉक्टर आले. सकाळची ओळ बंद झाली. मारुती ड्रेसर झाला आणि कामाला तो वाईट नव्हता. डॉक्टरांनी शिकवलेलं त्याच्या हातात होतं. तो माझ्याशी बोलायचा, मी त्याच्याशी कामापुरतं बोलायचो. पक्के गोठेही बांधले गेले. त्यांच्यावर अध्यक्षांच्या वडिलांच्या नावाची फरशी बसली.

काही वर्षांनी कोकणातून डॉक्टरांचा एक पुतण्या पंढरपूरला जाताना मुद्दाम मला भेटून गेला. डॉक्टर वारले होते. शेवटी शेवटी ते कुणाच्या गोठ्यात जात नसत, अगदी शेजारची गाय अडली तरी जात नसत, असं तो म्हणाला.

ही बातमी अमीनाबीला सांगावी असं मला वाटलं. ती तिच्या घराच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. मी सांगितलं. तिचे हात चालूच राहिले. मग तिनं खाली बघतच विचारलं, "जाते वखत मेरे पे गुस्सा थे क्या?"

मी म्हणालो, "नाही. तुम्ही बरोबर केलंत, असं त्याच दिवशी म्हणाले होते ते."

तिचे हात थांबले. अर्धवट वळलेली विडी बोटांत तशीच राहिली. तंबाखूची चिमूट सुपात सांडली.

"गलत कियी थी भाई मैं," ती म्हणाली. "उनकूबी मालूम था. ऐसा बोलके काएकू गये?"